दाराबाहेरचा विद्यार्थी

१९०६ सालच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरी, एक बायबलचा वर्ग भरत असे. शिकवणारे चार्ल्स पारहॅम नावाचे गृहस्थ गोरे आणि समोर बसलेले विद्यार्थीही गोरे. वर्गाचे दार मात्र किंचित उघडे ठेवलेले असे. त्या दाराबाहेर, बोळात, पस्तिशीचा एक कृष्णवर्णीय माणूस खुर्ची टाकून बसे आणि आतले शिकवणे कान देऊन ऐके. काळ्या-गोऱ्यांनी एका वर्गात बसू नये असा त्या राज्याचा दंडक होता. पारहॅमसाहेबांना तो मोडायचा नव्हता आणि या माणसाला परतही पाठवायचे नव्हते. मधला मार्ग म्हणून ही बोळातली खुर्ची. शाळेच्या ओसरीवर बसून धडे गिरवलेल्या मुलांच्या हकिकती आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यामुळे ते अर्धे उघडे दार मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको.

त्या माणसाचे नाव विल्यम जोसेफ सेमूर. ख्रिस्ती धर्माच्या अलीकडच्या इतिहासात त्याचे नाव फार मोठे आहे. जगभर कोट्यवधी अनुयायी असलेला जो पेंटेकॉस्टल पंथ, त्याचा उगम सांगताना या माणसाला वगळता येत नाही. आपल्याकडे मात्र ते नाव सहसा कानावर पडत नाही.

सेमूरचा जन्म २ मे १८७० रोजी लुइझियाना राज्यातल्या सेंटरव्हिल गावी झाला. आई-वडील दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. वडील सायमन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. पण युद्ध जिंकले म्हणून दैन्य संपले नाही. उसाच्या मळ्यांचा तो मुलूख. तिथे कृष्णवर्णीयांवर हल्ले होत, लोकांना झाडाला लटकवले जाई. १८९६ साली याच लुइझियानातून वर गेलेल्या एका खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे, वेगळी बाके कायदेशीर ठरवली. त्याच्या आसपास सेमूर उत्तरेकडे निघून गेला होता. इंडियानापोलिसच्या हॉटेलांत त्याने वेटरचे काम केले. पुढे सिनसिनाटीला देवी आल्या आणि डावा डोळा गेला. याच वर्षांत काळे-गोरे एकत्र बसवून उपासना करणाऱ्या एका छोट्या पंथाशी त्याचा संबंध आला. असे करता येते, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले. मला वाटते, पुढचे सगळे त्या पाहण्यातून आले.

आता पारहॅमसाहेब शिकवीत काय होते? नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पेंटेकॉस्टच्या दिवसाची कथा आहे. येशूचे शिष्य यरुशलेमात जमलेले असताना पवित्र आत्मा त्यांच्यावर उतरला आणि ते न शिकलेल्या भाषा बोलू लागले. देशोदेशींहून आलेल्या लोकांना आपापल्या बोलीत ते ऐकू आले. पारहॅमने यावरून सिद्धांत काढला की माणूस अशा अन्य भाषांत बोलू लागला म्हणजे त्याला आत्मा लाभला, याचा तो पुरावा. सेमूरने बोळात बसून हा सिद्धांत उचलला. पण त्याच अध्यायात दुसरीही एक गोष्ट आहे. इतक्या निरनिराळ्या देशांची माणसे त्या दिवशी एका जागी होती. वर्गात बसलेल्यांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

थोड्याच आठवड्यांत लॉस एंजेलिसमधल्या एका लहानशा कृष्णवर्णीय मंडळीचे त्याला बोलावणे आले. गाडीभाडे जमवून तो गेला आणि त्याने पहिली प्रवचने केली. पुढच्या उपासनेला जाऊन पाहतो, तो दाराला कुलूप! त्याची शिकवण तिथल्या प्रमुख बाईंना पटली नव्हती. या वेळी दार लावणारे हात गोरे नव्हते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

परक्या शहरात आणि खिशात काही नसताना एका गरीब कुटुंबाने त्याला घरात घेतले. बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या एका घरी प्रार्थना सुरू झाली. ९ एप्रिल १९०६ रोजी तिथे लोक अन्य भाषांत बोलू लागले. गर्दी इतकी लोटली की घर पुरेना. मग अझुसा स्ट्रीटवर ३१२ क्रमांकाची एक पडकी इमारत भाड्याने मिळाली. एके काळी ती कृष्णवर्णीय मेथॉडिस्टांचे चर्च होती. नंतर तिचा उपयोग गोदाम आणि तबेला म्हणून झाला होता. लांबी साठ फूट, रुंदी चाळीस. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला आणि खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या टाकून बाके केली. व्यासपीठ म्हणजे एकावर एक ठेवलेली बुटांची दोन खोकी. ते खोलीच्या एका टोकाला नव्हते, मधोमध होते आणि लोक त्याच्या चहूबाजूंनी बसत. पुढची रांग आणि मागची रांग हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. सेमूर फार बोलका नव्हता. उपासना चालू असताना तो पुष्कळदा त्या खोक्यात डोके घालून प्रार्थना करीत बसलेला असे.

दिवसातून तीन उपासना, आठवड्याचे सातही दिवस, आणि हे सुमारे तीन वर्षे चालले. दानाची थाळी फिरत नसे. दारापाशी एक पेटी होती, ज्याला वाटेल त्याने टाकावे. धुणी धुणाऱ्या बायका, मोलकरणी, रेल्वेचे मजूर, मेक्सिकोहून आलेली कुटुंबे, आर्मेनियन, खेड्यापाड्यांतले गोरे पाळक, अशी सगळी माणसे त्या भुशावर शेजारी शेजारी गुडघे टेकीत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत काळे होते, गोरे होते आणि स्त्रियाही होत्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्यांच्या जमावांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली, हे लक्षात घेतले म्हणजे अझुसा स्ट्रीटवर काय चालले होते ते उमगते. शहरातल्या वर्तमानपत्रांनी अर्थातच टवाळी केली. काळ्या माणसाने गोऱ्या बाईच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी, हे त्यांच्या दृष्टीने वेडाच्याही पलीकडचे होते.

कॅशवेल नावाच्या एका गोऱ्या पाळकाची हकिकत मला फार बोलकी वाटते. हा दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा. एवढा प्रवास करून तो आला. पण एक काळा तरुण आपल्या डोक्यावर हात ठेवतो आहे, हे पाहून त्याच्या अंगावर शहारे आले. तो उठून बिऱ्हाडी गेला. तिथे त्याची स्वतःशीच झुंज झाली. शेवटी परत येऊन त्याने सेमूरला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना, आपल्या मस्तकावर हात ठेवा, अशी विनंती केली. अन्य भाषा बोलण्यापेक्षा हे कितीतरी कठीण असले पाहिजे.

याच सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, १९०५ साली असेच वारे शिरले होते. दुष्काळातून उचलून आणलेल्या, नाना जातींच्या आणि नाना बोली बोलणाऱ्या मुली तिथे एकत्र प्रार्थना करीत होत्या. म्हणजे केडगावचे लॉस एंजेलिसच्या आधीचे. अझुसाची हकिकत लिहिणाऱ्या तिथल्याच एका गोऱ्या गृहस्थांनी हा मान हिंदुस्थानला मोकळेपणाने दिला आहे.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पारहॅम आपल्या शिष्याचे काम पाहायला लॉस एंजेलिसला आला. काळे-गोरे एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत, हे दृश्य पाहून त्याला किळस आली आणि त्याने ती उघड बोलून दाखवली. मंडळीने त्याला निरोप दिला. त्याने जवळच दुसरी सभा मांडून पाहिली, पण तिचा जम बसला नाही. गुरूला बाहेर ठेवणे सेमूरच्या मनाला किती लागले असेल, कोण जाणे!

दुसरा घाव बसला तो अगदी वेगळ्या प्रकारचा. मंडळीचे एक पत्र निघे. त्याच्या प्रती वाढत वाढत चाळीस-पन्नास हजारांवर गेल्या आणि देशोदेशी ते फुकट जाई. १९०८च्या मे महिन्यात सेमूरने सहकारी जेनी मूरशी विवाह केला. जेनी कृष्णवर्णीयच होती. पण जगाचा अंत जवळ आला असताना लग्न कसले, असे म्हणत काहीजण दुखावले. पत्राचे संपादन पाहणाऱ्या गोऱ्या बाई पोर्टलंडला निघून गेल्या आणि वाचकांच्या पत्त्यांच्या याद्याही तिकडेच गेल्या. पत्र पुढे पोर्टलंडहून निघू लागले. मी नोकरीची सगळी वर्षे बँकेत काढली. पेढीची खरी मालमत्ता तिजोरीत नसते, खातेदारांच्या वहीत असते, हे तिथल्या उमेदवारालाही कळते. सेमूरजवळ फक्त जवळपासच्या पत्त्यांची यादी उरली. दूरच्या हजारो लोकांशी त्याचा धागा तुटला तो कायमचाच. या प्रकरणात वर्णाचा वाटा किती आणि रुसव्याफुगव्याचा किती, याचा हिशेब लागत नाही.

१९११ साली तो दौऱ्यावर असताना शिकागोच्या डरहॅम नावाच्या गोऱ्या प्रवचनकाराने अझुसा स्ट्रीटवर मोठी गर्दी खेचली, पण शिकवण सेमूरच्या शिकवणीविरुद्ध होती. सेमूर घाईने परतला आणि त्याने दाराला कुलूप लावले. ज्याने दोन दारांबाहेर दिवस काढले, त्याच्यावर ही पाळी यावी! डरहॅम दुसरीकडे गेला, आणि बहुतेक लोकही त्याच्यामागे गेले.

१९१५ साली सेमूरने मंडळीची घटना छापली. त्यात प्रमुख, उपप्रमुख आणि विश्वस्त ही पदे कृष्णवर्णीयांकडेच राहतील, असे कलम घातले. गोऱ्यांना सभासद म्हणून दार मोकळे होते, आणि वर्णावरून तंटे होऊ नयेत म्हणूनच आपण हे करतो, असा खुलासा त्याने जोडला. हे कलम वाचताना मी थांबतो. काही अभ्यासक याला कडवटपणा म्हणतात. मला तो कडवटपणा वाटत नाही. बुडत्या पेढीतले निदान घरचे दागिने वाचवावेत, तसे ते वाटते. मात्र त्याच सुमारास त्याने भाषांच्या पुराव्याबद्दलची आपली जुनी शिकवणही बदलली होती. माणूस भाषा बोलतो आणि भावाचा द्वेष करतो, असे त्याने पुरेसे पाहिले होते. आत्म्याची खूण प्रेमात शोधावी, असे तो सांगू लागला. पण तोवर पंथ सर्वदूर पसरला होता आणि त्याने बहुतेक ठिकाणी भाषांची खूणच धरून ठेवली होती. १९१४ साली आर्कान्सामध्ये गोऱ्या पाळकांनी आपली मोठी संघटना उभारली. कृष्णवर्णीयांच्या संघटना वेगळ्या राहिल्या. या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी मेम्फिस शहरी एकत्र येऊन गोऱ्यांचा जुना महासंघ मोडीत काढला, त्याला १९९४ साल उजाडावे लागले. त्या सभेत एका गोऱ्या पाळकाने एका कृष्णवर्णीय बिशपांचे पाय धुतले.

सेमूर २८ सप्टेंबर १९२२ रोजी हृदयविकाराने गेला. वय अवघे बावन्न. अखेरच्या वर्षांत मोजकी कृष्णवर्णीय माणसे तेवढी त्याच्याबरोबर उरली होती. त्याच्यामागे जेनीने मंडळी जमेल तशी चालवली. १९३१ साली ती इमारत पाडण्यात आली, आणि पाच वर्षांनी जेनीही गेली.