नील विल्यम्स : मोडल्या पंखाचा वैमानिक

२५ मे २०२४ रोजी इंग्लंडमधील कॉनिंग्जबी येथील हवाई तळानजीक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक स्पिटफायर विमान शेतात कोसळले आणि ब्रिटिश वायुदलातील एक अनुभवी अधिकारी मृत्युमुखी पडला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे प्रदर्शन चालू असताना दोन जुनी युद्धविमाने परस्परांवर आदळून सहा जण ठार झाले होते, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये शोरहॅम येथे एक जुने जेट विमान भर रस्त्यावर पडून अकरा जण प्राणास मुकले होते. अशी प्रत्येक दुर्घटना घडली की दोन पक्ष हिरिरीने पुढे येतात. ही विमाने आता वस्तुसंग्रहालयात ठेवून द्यावीत, हा एक पक्ष. जे उडत नाही ते विमानच नव्हे, हा दुसरा. दोन्ही पक्षांचे लक्ष यंत्रावर असते. यंत्र चालविणाऱ्या माणसाचा विचार करावयाचा तर अर्धशतकाच्या आसपास मागे जाऊन नील विल्यम्स या वैमानिकाचे चरित्र पाहावे लागेल.

विल्यम्स यांचा जन्म १९३४ चा. ब्रिटिश वायुदलात त्यांनी नोकरी केली, पुढे चाचणी वैमानिक म्हणून नाव मिळविले. परंतु त्यांची खरी कीर्ती झाली ती हवाई कसरतींमुळे. ब्रिटनचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी अनेकदा पटकाविले आणि देशाच्या संघाचे नेतृत्व केले. कसरत म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे सर्कशीतले धाडस उभे राहते. वस्तुतः हा प्रकार धाडसापेक्षा हिशेबाचा आहे. प्रत्येक वळणाला किती वेग हवा, किती उंची खर्ची पडेल, पंखांवर किती भार येईल, याचा ताळेबंद वैमानिकाच्या डोक्यात अखंड चालू असावा लागतो.

हा ताळेबंद ३ जून १९७० रोजी कसोटीला लागला. त्या वर्षीची जागतिक कसरत स्पर्धा इंग्लंडमध्येच, हल्लाव्हिंग्टन येथे व्हावयाची होती, आणि विल्यम्स तेथे चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या झ्लिन जातीच्या विमानावर सराव करीत होते. एका कसरतीतून विमान वर घेत असताना मोठा आवाज झाला आणि विमान डावीकडे कलू लागले. पाहतात तो डावा पंख मुळापाशी वरच्या बाजूस दुमडत चाललेला! पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईचा खालचा भाग तुटला होता. धातूला वारंवार ताण बसून आतल्या आत येणारा हा थकवा वरून सहसा दिसत नाही. १९५४ साली कॉमेट या प्रवासी जेट विमानांचे जे अपघात झाले, त्यांनी हा शब्द जगाला शिकविला होता. विल्यम्स यांच्यापाशी हवाई छत्री नव्हती. जमीन झपाट्याने जवळ येत होती.

त्या क्षणी त्यांना एक ऐकलेली हकीकत आठवली. एका बल्गेरियन वैमानिकाचे याच घराण्यातील जुन्या बनावटीचे विमान उलटे उडत असताना त्याच्या पंखाचा वरचा जोड तुटला होता. विमान आपोआप सुलटे झाले आणि पंख जागच्या जागी बसला. विल्यम्स यांनी त्याचा व्यत्यास केला. माणसाचे कोपर एका बाजूस दुमडते, दुसऱ्या बाजूस दुमडत नाही. सुलट्या विमानात हवा पंखाला वर रेटते, म्हणून खालून तुटलेला पंख वर मिटत जातो. मात्र विमान उलटे केले तर तोच रेटा दुसऱ्या बाजूने लागेल आणि तुटलेला जोड दाबला जाऊन बंद होईल. त्यांनी विमान तत्काळ उलटे केले. पंख धाडकन जागेवर आला.

संकट तेवढ्यावर संपले नाही. इंजिन बंद पडले, कारण इंधनाची मुख्य चावी बंद झाली होती. डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत त्यांनी हे हेरले, इंधनाचा पुरवठा पुन्हा सुरू केला, आणि इंजिन चालू होताच उलट्या विमानाने उंची गाठली. उलटे उडताना या विमानाला सुमारे आठ मिनिटेच इंधन मिळू शके. तेवढ्या अवधीत उतरण्याचे पर्याय त्यांनी एकेक करून तपासले. विमान सुलटे करून पाहण्याचा एक प्रयत्नही केला. पंख पुन्हा दुमडू लागताच ते परत उलटे झाले. अखेर धावपट्टीच्या दिशेने ते उलट्या स्थितीतच खाली आले, जमीन लागण्यापूर्वीच्या अगदी अखेरच्या क्षणी त्यांनी विमान फिरवून सुलटे केले, आणि पंख मिटता मिटता ते पोटावर आपटले. विमानाचा चक्काचूर झाला. विल्यम्स आपल्या पायांनी चालत बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना राणीचे प्रशस्तिपत्र मिळाले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा चमत्कार म्हणून केले जाते, आणि तेथेच चूक होते. बल्गेरियातील त्या वैमानिकाची हकीकत तोंडोतोंडी पसरली नसती, तर विल्यम्स वाचले असते काय? एकाचा अनुभव दुसऱ्याचे भांडवल व्हावा, असा हा व्यवहार होता, आणि ते ऋण विल्यम्स यांनी विसरले नाही. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एरोबॅटिक्स’ या आपल्या पुस्तकात त्यांनी साऱ्या विद्येची शिक्षकाच्या शिस्तीने मांडणी केली. पाठोपाठ १९७७ मध्ये त्यांच्या आठवणींचे ‘एअरबोर्न’ हे पुस्तक निघाले.

याच वर्षांत जुन्या विमानांची बाजारपेठ उभी राहत होती. काल भंगाराच्या भावाने जाणारी युद्धविमाने आज संग्राहक चढ्या किमतीने घेऊ लागले होते. भारतात पडून असलेली स्पिटफायर विमानेसुद्धा याच सुमारास हेडन-बेली बंधूंनी विकत घेऊन परदेशी नेली. त्यांतील ओरमंड हेडन-बेली १९७७ च्या जुलैमध्ये जर्मनीत मस्टँग विमान कोसळून मरण पावले. ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहातील जुनी विमाने उडविणारे विल्यम्स यांच्यासारखे वैमानिक फार थोडे होते. साहजिकच, कोठून तरी एखादे म्हातारे विमान आणावयाचे असले की विश्वासाने त्यांचेच नाव घेतले जाई.

असेच एक विमान स्पेनहून इंग्लंडला न्यावयाचे होते. ते मूळचे जर्मन हाइंकेल १११ बाँबफेकी, परंतु स्पेनमध्ये परवान्याने बांधलेले. जर्मन इंजिने मिळेनाशी झाल्यावर स्पेनने या विमानांना ब्रिटिश मर्लिन इंजिने बसविली होती. ज्या इंजिनांच्या बळावर १९४० मध्ये स्पिटफायर व हरिकेन विमानांनी हाइंकेलचा पाठलाग केला, तीच पुढे हाइंकेलच्या पंखांवर विराजमान झाली! ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या १९६९ च्या चित्रपटात जर्मन विमाने म्हणून दिसतात ती हीच. ११ डिसेंबर १९७७ रोजी विल्यम्स यांनी माद्रिदहून या विमानाने प्रयाण केले. सोबत त्यांची पत्नी आणि आणखी दोघे होते. खराब हवामानात विमान डोंगरावर आदळले आणि चौघेही ठार झाले. विल्यम्स यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

येथे कसरत नव्हती, प्रेक्षक नव्हते. प्रदर्शनाच्या उड्डाणाची आखणी बारकाईने होते, उंचीच्या मर्यादा घातल्या जातात, पंच व अधिकारी दुर्बिणी लावून बसतात. विमान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविणे हे मात्र केवळ काम समजले जाते. तारीख ठरलेली असते, ऋतू वाट पाहत नाही. जुन्या विमानांच्या उड्डाणावर बंदी असावी की नसावी, या वादात पोचविण्याच्या उड्डाणांचा उल्लेख क्वचितच येतो. ज्याने तुटल्या पंखाशी आठ मिनिटे व्यवहार केला, त्याला ढगाआडच्या डोंगराने तेवढीही सवलत दिली नाही. यंत्राच्या झिजेसाठी हिशेबाच्या वहीत घसाऱ्याचा रकाना असतो. अशा माणसाच्या जाण्याने जे नाहीसे होते, त्यासाठी कोणत्याच वहीत रकाना नाही, आणि लिलावात त्याची बोलीही लागत नाही.

स्पेनमध्ये बनलेले याच जातीचे आणखी एक विमान अमेरिकेतील एका संस्थेने पुढे कित्येक वर्षे उडते ठेवले होते. १० जुलै २००३ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन येथे उतरण्याच्या प्रयत्नात तेही कोसळले आणि त्यातील दोघे वैमानिक मरण पावले. त्या जातीचे उडण्याच्या स्थितीत असलेले ते जगातले शेवटचे विमान होते.