सुट्टी मिळवून देणारा बँकवाला

मी १९८२ साली बँकेत चिकटलो. डिसेंबर संपता संपता नवे कॅलेंडर शाखेत आले की भिंतीवर चढण्याआधी ते हेडकॅशियरच्या टेबलावर उताणे पडायचे. पंचांग कोणी पाहत नसे. लाल तारखा मोजल्या जात आणि यंदा कोणकोणते सण रविवारी येऊन बुडाले याचा रीतसर शोक व्हायचा.

पुढे बढतीच्या परीक्षेसाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट पाठ करायची वेळ आली. हा १८८१ सालचा कायदा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा. त्याच्या २५व्या कलमापाशी मी अडखळलो. आपल्याकडे गणेश चतुर्थीची, ईदची, नाताळची बँकेला जी सुट्टी मिळते, ती या कलमाखाली जाहीर होते. गणपतीचा आणि हुंडीचा काय संबंध? परीक्षेत हा प्रश्न आला नाही, पण डोक्यातून गेलाही नाही. त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी इंग्लंडमधल्या एका माणसाच्या चरित्रात सापडले. तो माणूस माझ्याच धंद्यातला निघाला. सर जॉन लबक त्याचे नाव.

लबकचा जन्म ३० एप्रिल १८३४ चा, लंडनचा. घराण्याची बँक होती. वडील बँक सांभाळून गणित आणि खगोलशास्त्रात रमणारे. जॉन लहान असतानाच कुटुंब केंट परगण्यात डाउन या गावाजवळ राहायला गेले. १८४२ मध्ये एके दिवशी वडिलांनी त्याला एक आनंदाची बातमी असल्याचे सांगितले. आठ वर्षांच्या पोराला वाटले, आपल्याला तट्टू मिळणार! बातमी निघाली ती शेजारी कोणी डार्विन नावाचे गृहस्थ राहायला येत असल्याची. पोरगा हिरमुसला. पण त्या शेजाऱ्याने त्याला किडे न्याहाळायला शिकवले, त्याच्या वडिलांचे मन वळवून सूक्ष्मदर्शक घ्यायला लावला आणि तट्टूची कसर आयुष्यभर भरून काढली.

शाळा मात्र लवकर सुटली. बँकेतले भागीदार आजारी पडले आणि १८४९ च्या सुमारास, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ईटनची प्रसिद्ध शाळा सोडून जॉन लोंबार्ड स्ट्रीटवरच्या पेढीत येऊन बसला. आपल्याकडे वडील थकले म्हणून दुकानाच्या गादीवर बसणारी मुले असतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की या मुलाने गादीवर बसूनही शिकणे थांबवले नाही. १८६५ मध्ये त्याचा प्रागैतिहासिक काळावरचा ग्रंथ आला. पुराणाश्मयुग आणि नवाश्मयुग अशी जी विभागणी आपली मुले शाळेत शिकतात, तिची मूळ इंग्रजी नावे त्या ग्रंथातली. एका बँकरने ती दिली!

आता सुट्ट्यांकडे येऊ. एकेकाळी बँक ऑफ इंग्लंड संतांचे दिवस आणि धार्मिक सण धरून वर्षाला तेहतीसच्या आसपास सुट्ट्या पाळीत असे. १८३४ मध्ये त्या छाटून अवघ्या चार ठेवल्या. गंमत पाहा, त्याच वर्षी लबक जन्माला आला. यंत्रयुग जोरात होते, संतांना कोण विचारतो!

पण बँकेच्या मालकाला दया आली, तरी तो मनाला येईल तेव्हा दार लावू शकत नव्हता. आड येत होती ती हुंडी. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी पैसे मिळालेच पाहिजेत, नाहीतर हुंडी नाकारली असे धरतात आणि व्यापाऱ्याची पत जाते. बँक एक दिवस बंद म्हणजे कित्येकांची अब्रू पणाला. लबकला ही मेख ठाऊक होती, कारण तो रोज त्याच खुर्चीत बसत होता.

दोनदा निवडणूक हरून १८७० मध्ये तो लिबरल पक्षातर्फे मेडस्टनमधून पार्लमेंटात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. त्यात कामगारांच्या कळवळ्याचे एकही वाक्य नाही. ठरावीक दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी देय होईल, आणि नाताळच्या दिवशी जे करण्याची सक्ती कोणावर नसते ते या दिवशीही करण्याची सक्ती नाही, एवढेच. पण हुंडीची गाठ सुटली तशी बँक बंद ठेवता आली. बँक बंद म्हटल्यावर व्यापाऱ्याला पेढी उघडून काय करायचे? पेढ्यांपाठोपाठ कचेऱ्या आणि पुष्कळशी दुकानेही बंद राहू लागली. याला सार्वजनिक सुट्टी म्हटले असते तर विरोध झाला असता, असे लबकचे स्वतःचे मत होते. बँकेचे नाव पुढे केल्यामुळे कोणी भुवई उंचावली नाही.

दिवस निवडतानाही धोरण होते. गुड फ्रायडे आणि नाताळ इंग्लंडमध्ये आधीपासून पाळले जात. त्यांत ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर यांची भर पडली. स्कॉटलंडच्या चर्चला नाताळाचे तितके कौतुक नव्हते, म्हणून त्यांची यादी वेगळी केली आणि तीत नववर्षाचा दिवस घातला. यात ऑगस्टचा सोमवार कोणत्याही सणाचा नव्हता. देवाच्या नावावर नाही, राजाच्या नावावर नाही. नुसती ऐन उन्हाळ्यातली विश्रांती. लोकांनी गमतीने त्याला संत लबकचा दिवस म्हणायला सुरुवात केली. ज्या देशात संतांच्या सुट्ट्या कापल्या गेल्या, तिथे एका बँकरला संतपद मिळाले. रेल्वेगाड्या भरभरून माणसे समुद्रावर जाऊ लागली.

पण या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. समुद्रावर गर्दी झाली की हॉटेलातल्या पोऱ्याचे, रेल्वेच्या हमालाचे काम दुप्पट होई. कायद्याने गिरणी बंद ठेवण्याची सक्ती केली नव्हती आणि बंद राहिली तरी त्या दिवसाची मजुरी पुष्कळांना मिळत नसे. पगारी सुट्ट्यांचा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ मध्ये झाला. दुकानांतल्या नोकरांचे हाल तर वर्षभराचेच. लबकने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १८८६ मध्ये त्याच्या प्रयत्नांनी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दुकानातल्या कामावर आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आली. सहा दिवसांत ७४ तास म्हणजे दिवसाला बारा तासांहून जास्त, आणि ही सुधारणा! आधी काय असेल याचा अंदाज करा.

हे चालू असताना तो घरी काचेच्या वारुळांत मुंग्या पाळीत होता. एक राणी त्याने जवळजवळ पंधरा वर्षे जगवली. कष्टाळूपणाचा धडा म्हणून ज्या मुंगीकडे बोट दाखवतात, तिच्यापाशी हा सुट्टीवाला तासन् तास बसे. लंडनमध्ये बँकर्सची संस्था निघाली तिचा पहिला अध्यक्ष तोच, १८७९ मध्ये. आपली मुंबईची तशी संस्था १९२८ ची. तिच्या परीक्षांनी आम्हा बँकवाल्यांच्या कैक रात्री खाल्ल्या. एव्हबरीच्या प्राचीन शिलावर्तुळावर घरे उठू लागली तेव्हा त्याने तिथली जमीनच विकत घेतली. १९०० मध्ये उमराव झाल्यावर त्याने तेच नाव घेतले, लॉर्ड एव्हबरी. २८ मे १९१३ रोजी तो गेला. पहिली बँक हॉलिडे २९ मे १८७१ ची. बेचाळीस वर्षे पुरी व्हायला एक दिवस कमी होता.

व्हिटसनचा सोमवार आता मेच्या शेवटच्या सोमवारी आणि ऑगस्टची सुट्टी महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सरकली आहे. संत लबकचे नाव फारसे कोणी घेत नाही. सुट्टी मात्र आहे.

मी २०२० मध्ये निवृत्त झालो. अडतीस वर्षांच्या लाल तारखा आठवल्या की आमच्या घरातले चित्र डोळ्यांपुढे येते. सुट्टी म्हणून मी उशिरा उठायचो, चहा दोनदा मागायचो, मित्रांना जेवायला बोलवायचो. सणाची सुट्टी असली तर पुरणावरणाचा घाट. बायकोला त्या दिवशी रोजच्याहून दुप्पट काम असे. लंडनच्या हॉटेलातल्या पोऱ्याविषयी वाचताना मला आमचा ओटा दिसला. हिशेब तपासण्यात माझा जन्म गेला, पण ही खतावणी मी कधी उघडलीच नव्हती.

लबकच्या कायद्यात सुट्टीच्या दिवशीची हुंडी दुसऱ्या दिवशी देय होते. आपल्या २५व्या कलमात ती आदल्या कामाच्या दिवशी द्यावी लागते. माझी दोन्ही मुदती टळून गेलेली. सध्या दर सोमवारी स्वयंपाकघर माझ्याकडे असते. खिचडी आणि पिठले, याच्या पुढे मजल गेलेली नाही. ती बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसते आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की सवयीने उठायला लागते. तिला परत बसवणे, हेच सोमवारचे सर्वांत अवघड काम आहे.