फडेप्पा चौगुले : बेळगाव ते ॲन्टवर्प

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील ॲन्टवर्प शहरात ऑलिंपिक मॅरेथॉन शर्यत सुरू झाली, तेव्हा हवेत गारठा होता आणि पाऊस पडत होता. स्पर्धकांमध्ये हिंदुस्थानातून आलेले दोन मराठी धावपटू होते. त्यांपैकी एक होते बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि दुसरे सदाशिव दातार. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताच्या वतीने धावणारे हे पहिले दोन खेळाडू होत. दातार यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. चौगुले मात्र शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले आणि एकोणिसावे आले.

चौगुले यांचे बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या या शहरात तालमींची परंपरा जुनी आहे. कुस्तीगिराला आखाडा मिळे, वस्ताद मिळे आणि जत्रेत फडही मिळे. धावणाऱ्याला मात्र असा काहीच आधार नव्हता. मोजून आखलेली धावपट्टी नव्हती, वेळ नोंदवणारे घड्याळ नव्हते आणि दूर अंतराच्या शर्यतीसाठी शरीर कसे घडवावे हे सांगणारा प्रशिक्षकही नव्हता. अशा परिस्थितीत एखाद्या तरुणाने धावण्यालाच आपले बळ मानावे, हे त्या काळी वेगळेच होते.

त्यांच्यासाठी वाट उघडली ती पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ मध्ये मैदानी खेळांच्या स्पर्धा भरवल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते उद्योगपती सर दोराबजी टाटा. स्पर्धेत उतरलेले बरेचसे तरुण शेतकरी कुटुंबांतले होते. ते अनवाणी धावत होते आणि शास्त्रोक्त सराव त्यांना ठाऊक नव्हता. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहून टाटा थक्क झाले. युरोपातील नामवंत धावपटूंच्या तुलनेत त्या फारशा कमी प्रतीच्या नव्हत्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे त्यांनी हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना मांडली. सरकारी पाठबळ मिळाले, निधी उभा राहिला आणि टाटांनी स्वतःही त्यात भर घातली.

पुण्यातील निवड चाचणीनंतर सहा खेळाडूंचा संघ ठरला. चौगुले, दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. बंगालचे पुरमा बॅनर्जी कमी अंतराच्या शर्यतींसाठी निवडले गेले, तर रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. त्यापूर्वी १९०० साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड एकट्याने उतरले होते. संघ म्हणून हिंदुस्थान ऑलिंपिकला प्रथमच निघाला होता.

जहाजाने समुद्र ओलांडून हा संघ आधी इंग्लंडला पोहोचला आणि तेथे त्याने सराव केला. दख्खनच्या मोकळ्या रस्त्यांवर पळणाऱ्या तरुणांपुढे आता परके हवामान, परके अन्न आणि परके नियम होते. पहिले महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. युद्धात होरपळलेल्या बेल्जियमचा सन्मान म्हणून ऑलिंपिकचे यजमानपद ॲन्टवर्पला देण्यात आले होते. याच स्पर्धेत पाच वर्तुळांचा ध्वज प्रथम फडकला आणि खेळाडूंच्या वतीने प्रथमच शपथ घेण्यात आली.

मॅरेथॉनचे अंतरही त्या वर्षी नेहमीपेक्षा मोठे होते. आज ही शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. ॲन्टवर्पला ती सुमारे ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासात यापेक्षा लांब मॅरेथॉन झालेली नाही. थकलेल्या पायांना अर्ध्या किलोमीटरहून अधिकचा तो वाढीव पल्ला किती जड जातो, हे धावणाऱ्यालाच कळते.

शर्यत जिंकली फिनलंडच्या हॅनेस कोलेमाइनेन यांनी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५ हजार आणि १० हजार मीटर शर्यतींची सुवर्णपदके मिळवली होती. धावपट्टीवरील शर्यतींकडून मॅरेथॉनकडे वळलेल्या या अनुभवी धावपटूने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत अंतर कापले. एस्टोनियाचे युरी लॉसमन त्यांच्यामागे केवळ १३ सेकंदांनी आले. चौगुले यांची वेळ होती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. विजेत्यापेक्षा ते सुमारे १८ मिनिटे मागे राहिले. मात्र हिशेब केला तर त्यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी चार मिनिटांत पूर्ण केला होता आणि हा वेग पावसात भिजलेल्या रस्त्यावर सलग पावणेतीन तासांहून अधिक काळ टिकवला होता.

त्या संघाला पदक मिळाले नाही. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले आणि पदकाने थोडक्यात हुलकावणी दिली. तरीही हा प्रवास वाया गेला नाही. संघ कोणतीही छाप न पाडता परतला असता, तर पुढच्या वेळी निधी मागणे टाटांना अवघड गेले असते. चौगुले आणि शिंदे यांच्या कामगिरीने त्यांच्या आग्रहाला आधार मिळाला. १९२४ मध्ये पॅरिसला पुन्हा भारतीय संघ गेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटाच झाले. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा शिंदे यांचे अपुरे राहिलेले कामही दुसऱ्या मराठी मल्लाने पूर्ण केले.

मॅरेथॉनमध्ये मात्र चौगुले यांच्या पुढे जायला भारतीय धावपटूंना बराच काळ लागला. ऑलिंपिकमधील त्यांचे एकोणिसावे स्थान मागे टाकले ते शिवनाथ सिंह यांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक मिळवून. मधल्या ५६ वर्षांत देश स्वतंत्र झाला, मैदाने बांधली गेली आणि प्रशिक्षणाच्या सोयी आल्या. त्या साऱ्या सोयींच्या आधी बेळगावच्या एका तरुणाने जी रेषा आखली होती, ती तोवर कोणालाही ओलांडता आली नाही. चौगुले यांचे मोठेपण मोजायला दुसऱ्या पदकाची गरज नाही.