फॅरेडे, सोन्याचा वर्ख आणि तुमची टचस्क्रीन

जव्हारहून मोखाड्याला जाताना उन्हात फोन तापला, की मला मायकेल फॅरेडे आठवतो. लोहाराचा पोरगा, जन्म १७९१चा. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधायच्या दुकानात लागला, तीच वाचून विज्ञान शिकला. १८३१चा त्याचा विजेचा शोध शाळेत झालाच असेल. मला मात्र १८५७चा फॅरेडे जास्त आवडतो: पासष्टीचा, स्मरणशक्ती दगा देत असलेला. त्यानं काचेवर सोन्याचा वर्ख लावून तापवला. वर्खातून आरपार दिसणारा हिरवा रंग गेला! सोनं वितळतं १०६४ अंशांना. हे त्याच्या बरंच खाली घडलं. उष्णतेनं अणू सरकतात, थर फाटून त्याची बारीक बेटं होतात. टचस्क्रीनच्या काचेवरही असाच पातळ, वीज वाहून नेणारा थर असतो. आणि गंमत बघा, तापलेला वर्ख फॅरेडेनं अकीकाच्या खड्यानं दाबला, तर हिरवा रंग परत आला.