डेल्फ्टचे लेव्हेनहूक : एक चाकरमाने कारागीर

आपल्या ज्ञातीत सरकारी अथवा म्युनिसिपालिटीच्या चाकरीतून निवृत्त झालेली वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत; आणि वडिलोपार्जित कला हातात असलेली घराणीही थोडी नाहीत. या उभयतांस उपयोगी पडेल असे एक चरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेत सादर करीत आहोत. चरित्रनायक परदेशस्थ असले, तरी त्यांच्या आयुष्यातील बोध आपल्या घरातलाच आहे.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांचा जन्म हॉलंडमधील डेल्फ्ट गावी १६३२ साली झाला. वडील टोपल्या विणीत. ते मुलाच्या बालपणीच निवर्तले. सोळाव्या वर्षी लेव्हेनहूक आम्स्टरडॅम येथे एका कापडवाल्याकडे उमेदवारीस राहिले आणि १६५४ साली गावी परतून त्यांनी स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. विद्यापीठाची पायरी ते चढले नाहीत. मातृभाषेखेरीज दुसरी भाषा त्यांस येत नव्हती. १६६० साली त्यांस नगराच्या न्यायाधिकाऱ्यांच्या दालनाची देखरेख करण्याची नोकरी मिळाली. दालन उघडावे, झाडून घ्यावे, थंडीत शेगडी पेटवावी, असे ते साधे काम. ते त्यांनी एकोणचाळीस वर्षे सांभाळले. १६७९ पासून मद्याची पिंपे मापून तपासण्याचे कामही त्यांजकडे आले. १६९९ साली दालनाचे काम सुटले, तरी नगराने त्यांचे वेतन अखेरपर्यंत चालू ठेवले.

कापडाचा पोत भिंगातून पाहण्याची व्यापाऱ्यांची रीत असे. तेथूनच बहुधा त्यांस भिंगांचा नाद लागला. फावल्या वेळात ते मोहरीएवढी भिंगे घडवीत आणि पितळेच्या वा चांदीच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बसवीत. पदार्थ सुईच्या टोकावर ठेवून, स्क्रू फिरवून भिंगासमोर आणावयाचा. तळहातावर मावेल असे हे यंत्र. अशी शेकडो यंत्रे त्यांनी घडविली.

१६७३ पासून ते आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रांनी कळवू लागले. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव वळवळतात, असे त्यांनी १६७६ साली लिहिले, तेव्हा विद्वानांचा विश्वास बसेना. त्यांनी गावातील प्रतिष्ठित गृहस्थांस भिंगातून दाखवून त्यांच्या साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ साली रॉबर्ट हुक यांनी लंडनमध्ये प्रयोग करून तेच जीव पाहिले, आणि १६८० साली सोसायटीने या कापडवाल्यास आपला सभासद करून घेतले. १६८३ साली त्यांनी दातांवरील किटणातील जंतूंचे वर्णन लिहून पाठविले.

येथवरचे चरित्र अभिमानाने सांगावे असे आहे. पुढचे सांगताना मात्र आमचे मन कष्टी होते. भिंगे कशी घडविली आणि अतिसूक्ष्म जीव कोणत्या युक्तीने पाहिले, हे त्यांनी कोणास शिकविले नाही. पाहुण्यांस ते साधी यंत्रे दाखवीत, उत्तम ती स्वतःपाशी ठेवीत. सूक्ष्मदर्शकाचे काम एकट्या माणसावर येऊन पडले आहे, अशी खंत हुक यांनीच पुढे व्यक्त केली. १७२३ साली, नव्वदाव्या वर्षी, लेव्हेनहूक वारले. कन्या मारिया यांनी वडिलांच्या मागे घर सांभाळले. पण कला चालविणारा शिष्य मागे नव्हता. सोसायटीस दिलेली चांदीची सव्वीस यंत्रे पुढे हरवली, उरलेली १७४७ साली लिलावात गेली. रोगजंतूंचे शास्त्र पाश्चर व कॉख यांच्या हातून उभे राहण्यास आणखी दीड शतक लागले.

आणि जपलेले गुपित ते काय होते? २०२१ साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी, पत्रे न उघडता, न्यूट्रॉन किरणांनी एक यंत्र तपासले. त्यातील प्रबळ भिंग म्हणजे काचेचा तंतू वितळवून केलेला गोळा निघाला. आणि ती कृती हुक यांनी १६६५ सालीच छापून प्रसिद्ध केली होती! म्हणजे जगापासून जे लपविले त्यातील मुख्य भाग जगापुढे होताच. जे खरोखर अमोल होते, तो हाताचा सराव आणि डोळ्याची पारख, ते शेजारी बसवूनच शिकविता आले असते.

आमच्यातील किती घरांत अशी विद्या पेटीत कुलूपबंद आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. निवृत्तीनंतरचा वेळ हा देवाने दिलेला अवधी आहे. त्यात एक तरी मुलगा किंवा मुलगी, स्वतःची असो वा शेजारची, हाताशी बसवून घ्यावी, एवढेच आमचे नम्र मागणे आहे.