तुळशीची रोपं वाटणारे गेडिस

इंदूरच्या शाळेत आम्हाला अहिल्याबाई शिकवल्या, होळकरांची वंशावळ शिकवली, कापडगिरण्या शिकवल्या. पॅट्रिक गेडिस हे नाव मात्र मी कॉलेजात आल्यावर ऐकलं, आणि तेही मेथीमुळे. गेल्या हिवाळ्यात आमच्या चर्चमागच्या पट्टीत रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी मेथी पेरली. मी त्या वर्गाला शिकवते. महिन्याभरानं मुलांनीच ती खुडली, निवडली, चिरली आणि पराठे लाटले. कुणाचे जाड झाले, कुणाचे करपले, पण एकही उरला नाही. नंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यात शिक्षण कुठे आलं? मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून शाळेतल्या बागांविषयी वाचायला बसले आणि वाचता वाचता स्कॉटलंडवरून फिरून आपल्याच राजवाड्यापाशी पोचले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटरचा. वडील फौजेतून निवृत्त झाले आणि कुटुंब पर्थजवळ एका टेकडीवरच्या घरात राहायला गेलं. घराला बाग होती, बागेत भाजीपाला होता, आणि धाकटा पॅट्रिक वडिलांच्या मागे मागे तिथे वावरायचा. शाळेच्या आधीची त्याची शाळा हीच. पुढे लंडनला प्राणिशास्त्र शिकला, हक्सलेंसारखे गुरू मिळाले, पण पदवी त्यानं कधीच घेतली नाही. (आमच्या घरी हे सांगण्यात काही अर्थ नाही!)

पंचविशीत ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ अंधाऱ्या खोलीत बसून राहावं लागलं. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल! ह्या काळात बोटांनी खिडकीच्या तावदानांच्या चौकटी चाचपताना त्यांना विचारांची मांडणी करायची एक रीत सुचली. पुढे आयुष्यभर ते कागदाच्या घड्या घालून, चौकोन पाडून विचार करायचे. डोळे सुधारले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणं संपलं. मग ते झाडांकडे, माणसांकडे आणि शहरांकडे वळले.

१८८६ मध्ये त्यांनी ॲना मॉर्टनशी लग्न केलं. नवी प्राध्यापकी शोधणारा माणूस चांगली वस्ती बघतो. हे दोघं एडिंबराच्या जुन्या भागात, जिथे दाटीवाटीच्या पडक्या चाळी होत्या, तिथे जाऊन राहिले. स्वतः भिंती रंगवल्या, शेजाऱ्यांना कामाला लावलं. पुढे त्याच भागातल्या ओसाड, कचऱ्याच्या जागा हेरून तिथे छोट्या छोट्या बागा केल्या. थोरली मुलगी नोरा त्यांचे आराखडे करायची. गल्लीतल्या पोरांना पहिल्यांदाच माती उकरायला जागा मिळाली. १८८८ पासून ते डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण वर्ग फक्त उन्हाळ्याच्या सत्रात घ्यायचे होते. बाकी वर्ष त्यांचं हेच चालायचं.

शिक्षणाबद्दलचं त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाचन, लेखन, गणित ह्यांनी सुरुवात करू नका. आधी मूल ज्याच्यावर माया करू शकेल असं काही द्या, मग हाताला काम द्या, डोकं त्यांच्या मागोमाग येतं. दरीचा एक छेद ते कागदावर काढायचे: वर डोंगरात खाणवाला, लाकूडतोड्या, शिकारी, खाली मेंढपाळ, शेतकरी, माळी, आणि शेवटी समुद्राशी कोळी. हे सगळे धंदे मुलानं थोडेथोडे हातानं करून बघावेत, म्हणजे ताटातलं अन्न कुठून आलं आणि गाव कसं वसलं हे त्याला सांगावं लागणार नाही. त्या पालकांना मला हेच तर सांगायचं होतं, नाही का?

हे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांवर आधी आजमावलं नाही. नोरा, अ‍ॅलेस्डेअर आणि आर्थर ह्या आपल्या तिघांना त्यांनी लहानपणी घरीच शिकवलं, बागेत आणि हातकामात. अ‍ॅलेस्डेअर तर वडिलांचा उजवा हात झाला.

१९१४ मध्ये गेडिस नगररचनेचं प्रदर्शन घेऊन भारतात यायला निघाले. नकाशे, चित्रं असा वर्षानुवर्षं जमवलेला संग्रह ज्या जहाजावर होता ते जहाज एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. मित्रांनी पुन्हा साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं. नुकसान भरून निघालं. १९१७ मध्ये जे गेलं ते भरून निघण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये अ‍ॅलेस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच आजारी होती. गेडिस यांनी तिला सांगितलं नाही. जूनमध्ये ती गेली, मुलाचं कळल्याशिवायच.

इथे मी पुस्तक मिटून बसले. न सांगणं बरोबर होतं का, मला अजून ठरवता येत नाही. आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला सगळं कळावं, म्हणजे तो प्रार्थना करून शांतपणे जातो, असं मानतात. पण रोज तिच्या उशाशी बसून चेहरा सांभाळणं त्यांनी कसं निभावलं असेल?

आणि हाच माणूस त्यानंतर होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला कामाला लागला. तेव्हा शहराला प्लेगचा धाक होता. दाढीवाला साहेब नकाशे घेऊन गल्ल्यांतून हिंडायचा तेव्हा लोकांना वाटायचं की हा घरं पाडायला आलाय. आपल्याला लोक घाबरतात हे गेडिस यांना कळलं. म्हणून त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं. जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं नाही, तर जिथले लोक घरं सर्वांत चांगली झाडून-दुरुस्त करून ठेवतील त्या रस्त्यानं जाईल. मग काय, सगळं शहर झाडायला लागलं!

मिरवणुकीत हत्ती होते, रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यांच्यामागे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, शिंगं रंगवलेल्या बैलांच्या गाड्या घेऊन, मानानं चालत होते. ज्यांच्या सावलीलाही लोक टाळायचे त्यांना मिरवणुकीत घेणं, हे मला त्या सगळ्या थाटापेक्षा मोठं वाटतं. मग लक्ष्मी आली. आणि माळ्यांच्या गाड्यांवरून लोकांना कुंडीतली तुळशीची रोपं फुकट वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

तुळस त्यांनी उगाच निवडली नाही. आपल्याकडच्या घराच्या अंगणात तुळस म्हणजे झाडलेली जागा, रोजचं पाणी, घरच्या बाईचा हात. नवीन सवय लावण्यापेक्षा असलेल्या सवयीला पाणी घालणं त्यांना पटायचं. ते प्रोटेस्टंट घरातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पण झाड पूजेचं म्हणून त्यांना कधी परकं वाटलं नाही.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत निघाला. त्यात रुंद रस्त्यांसाठी जुने वाडे पाडायला विरोध आहे, खान आणि सरस्वती नद्यांच्या काठी बागा आहेत, सांडपाणी आणि घाण महागड्या गटारांऐवजी बागांना द्यायचा आग्रह आहे, आणि इंदूरला विद्यापीठ हवं म्हणून जवळजवळ एक अख्खा खंड आहे. त्यांच्यानंतर काही वर्षांनी अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले आणि त्यांनी काडीकचरा व शेणापासून खत करायची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूरच्या नावानं ओळखली जाते. मातीचं मातीला परत द्यायचं, हे दोघांनाही दिसलं, आणि दोघांनाही इथेच!

विद्यापीठ गेडिस यांच्या हयातीत झालं नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून जाताना खान नदीच्या वासानं मी ओढणी नाकाला लावते, तेव्हा काठच्या बागांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मग तब्येतीमुळे फ्रान्सला माँपेलिएला गेले आणि तिथल्या उजाड माळावर बागेसकट एक कॉलेज उभारलं. १७ एप्रिल १९३२ ला तिथेच वारले, मुलगा गेल्याला पंधरा वर्षं पुरी व्हायला दोनच दिवस बाकी असताना.

ह्या रविवारी वर्गात टोमॅटोची रोपं लावायची आहेत. त्या पालकांनाही मी खुरपं घेऊन बोलावलंय.