नगरपालिकेतून सिद्धगडापर्यंत

कर्जत-खालापूरच्या शेतांमधून विजेचे उंच मनोरे गेलेत. लोकलच्या खिडकीतून किंवा खोपोलीच्या एसटीत बसून तुम्ही ते शंभरदा पाहिले असतील. १९४२ साली असेच मनोरे पाडायला एक तरुण वकील रात्री बाहेर पडत असे. त्याआधी तो माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष होता. हुतात्मा भाई कोतवाल हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. त्यांच्या नगरपालिकेतल्या कामाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानमधला. घर नाभिकाचं, परिस्थिती गरिबीची. गावही तसं नवंच होतं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून आले आणि माथेरान नकाशावर आलं. पुढे बंगले उठले, १९०५ मध्ये नगरपालिका झाली आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर येऊ लागली. वर पाहुण्यांची हवापालट चालायची. खाली भातशेती, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि सावकाराचं कर्ज.

विठ्ठल पुण्यात शिकला, पुढे वकील झाला. मोठ्या शहरात वकिली थाटता आली असती, पण भाई माथेरानला परतले आणि नगरपालिकेत निवडून आले. आता बघा, नगरपालिकेची हद्द डोंगरमाथ्यावर संपते. ज्यांच्या कष्टांवर माथेरान चालायचं, त्यातले कितीतरी जण मात्र हद्दीबाहेरचे, पायथ्याचे. भाईंनी हद्द मोजत बसण्यापेक्षा खाली उतरणं पसंत केलं. गावोगाव शाळा सुरू केल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी सावकाराच्या दारात जायचा आणि सुगीला कितीतरी जास्त फेडायचा. त्यावर भाईंनी धान्यकोठाराची सोय केली. सुगीत सगळ्यांनी धान्य जमा करायचं, अडचणीत तिथूनच उचलायचं.

मग १९४२ चा ऑगस्ट आला. भाईंवर वॉरंट निघालं, ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा राहिला. इथे त्यांना आपल्या मुलखाचा भूगोल कामाला आला. घाटमाथ्याच्या धरणांतलं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं आणि त्यावर खोपोलीत १९१५ पासून, भिवपुरीत १९२२ पासून वीज तयार होते. ती जायची मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. म्हणजे सरकारची युद्धकाळातली नाडी कर्जतच्या रानातून जात होती! दस्त्यातली पोरं रात्री मनोऱ्यांचे पाय कापायची आणि तिकडे मुंबईत यंत्रं थांबायची.

या पोरांना आसरा नि भाकर कुणी दिली? इथल्याच गावा-वाड्यांनी. भाईंना ही माणसं आधीपासून ओळखत होती, कोठारामुळे आणि शाळांमुळे. शेवटी ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. भाईंचं वय होतं अवघं तीस.

दर २ जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात. तुम्हीही जा. पण वर्षाचे बाकीचे दिवसही आहेतच की. कर्जत आणि खोपोलीला नगरपरिषद आहे, खालापूरला नगरपंचायत, नेरळला ग्रामपंचायत. आपलं पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण आणि शेजारची वाडी हद्दीत येते की नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर एकदा ऑफिसात जाऊन विचारा. भाईंच्या कामाची सुरुवातही अशाच एका छोट्या ऑफिसातून झाली होती.